वर्मा सरांची पाठ

ज्या चित्रात मोजून दोन माणसं आहेत आणि त्यातला एक जण आपल्याकडे पाठ करून बसलाय, त्या चित्राचा सजीव देखावा करायचा ठरला तर शहाण्या माणसाने कोणती भूमिका मागावी? मी पाठवाल्याची मागितली. मागितली कसली, शारदा मंडळाच्या बैठकीत दुसऱ्या कोणी तोंड उघडायच्या आत जाहीरच करून टाकली. चित्राचं नाव ‘चित्रकला’, बसलेला माणूस चित्रकार, म्हणजे हाच नायक, असा माझा सरळ हिशेब. नायकाचं तोंड कोणाला दिसत नाही, ही गोष्ट ते चित्र रोज डोळ्यांसमोर टांगलेलं असूनही माझ्या ध्यानात आली नाही. आली ती कोट अंगात चढल्यावर.

चित्र आलं व्हिएन्नाहून. भाचा नोकरीच्या निमित्ताने तिकडे होता, येताना तिथल्या म्युझियममधली छापील प्रत पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून घेऊन आला. “मामा, तुला चित्रातलं कळतं ना, म्हणून,” असं म्हणाला. मला चित्रातलं कळतं हा समज सालेकसात मीच पसरवलेला आहे. त्याला आधार एवढाच, की शाळेत असताना मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलो आणि सी ग्रेड घेऊन उठलो. इंटरमिजिएटच्या वाटेला जाऊ नकोस, असं आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं होतं, तेही मी आजवर पाळत आलोय. मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावात एवढ्या भांडवलावर रांगोळी स्पर्धेचा कायमचा परीक्षक होता येतं.

सौ.ने भिशीच्या पैशातून त्या चित्राला गोंदियाहून काच आणि फ्रेम करून आणली. ही फ्रेम पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

बैठकीच्या खोलीत चित्र लागलं आणि येणारे-जाणारे विचारू लागले. “हा पाठ करून काहून बसला जी?” “कटिंग करून रायला का?” एका शेजाऱ्यांनी बराच वेळ निरखून, फोटो मागच्या बाजूने काढला गेलाय, असा निकाल दिला. मला असे प्रश्न हवेच असत. चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकी. चित्रकार योहान्स व्हर्मीर, गाव डेल्फ्ट, देश हॉलंड. चित्र 1666 ते 1668 च्या सुमाराचं, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले तो काळ, आणि वेंगुर्ल्याला डचांची वखार चालू होती तो काळ. खिडकीजवळ निळं रेशमी वस्त्र पांघरून उभी आहे ती क्लिओ, ग्रीकांची इतिहासाची देवता. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, एका हातात कीर्तीचं कर्णं, दुसऱ्या हातात जाडजूड पिवळं पुस्तक. भिंतीवर नेदरलँड्सच्या सतरा प्रांतांचा नकाशा. वर पितळी झुंबर, त्यावर दोन डोक्यांचा गरुड, मेणबत्ती मात्र एकही नाही. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या संगमरवरी फरश्या, डाव्या अंगाला बाजूला सारलेला जाड पडदा. आणि मधोमध स्टुलावर पाठमोरा चित्रकार, भरजरी कपड्यांत. असे कपडे घालून कोणी रंगात हात घालत नसतं आणि त्या काळातही ती फॅशन मागे पडलेली होती. सगळा थाट आहे तो चित्रकला या गोष्टीचा मान वाढवायला. पाहुणे “हो जी, हो जी” म्हणत बशीतला चिवडा संपवत.

नवरात्र जवळ आलं तशी मोहल्ल्यात शारदा मंडळाची बैठक बसली. आमच्या भागात नवरात्रात शारदा बसते, तिच्यापुढे देखावा लागतो, आणि त्याच त्या गुहा न् धबधबे करून पोरं कंटाळली होती. हाजरा धबधबा दरेकशाला खराच असताना त्याची थर्मोकोलची नक्कल कोणी का पाहावी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तिथे मी उठलो. शारदा म्हणजे कलेची देवता, तेव्हा यंदा जगातलं चित्रकलेवरचं सर्वांत मोठं चित्र जिवंत करू, असं बोललो. एकाने शंका काढली, “देवीच्या हातात वीणा नाई, पिपाणी हाये?” मी म्हटलं, दोघींच्या हातात पुस्तक आहे ना, झालं तर. वीणा घेतलेली सरस्वती आपल्या डोळ्यांत बसली ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या तसबिरींमुळे, हेही ऐकवलं. मंडळाने मान्यता दिली; एकतर माझं भाषण थांबावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे खर्चाचा अंदाज मी फार कमी सांगितला होता.

नकाशापासूनच भांडण लागलं. शाळेच्या अडगळीत भंडारा जिल्ह्याचा कापडी नकाशा गुंडाळून पडला होता, गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा. 1 मे 1999 ला आमचा जिल्हा झाला, त्यापूर्वी आम्ही सगळे भंडाऱ्यात. नकाशा मधोमध चिरला होता, कडा वाळवीने खाल्लेल्या. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं, कारण व्हर्मीरनेही नेमकं हेच केलंय. त्याने रंगवला तो क्लास विसरचा जुना नकाशा. त्यात सतरा प्रांत एकत्र दाखवलेत, प्रत्यक्षात उत्तरेकडचे सात केव्हाच स्पेनच्या हातून सुटून वेगळे झाले होते. नकाशावरची घडीही त्याने इमानाने रंगवली आहे. हे मी पदाधिकाऱ्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “गुर्जी, जिल्हा मिळवाले लोकायनं किती मोर्चे काढले, अन् तुमी मांडवात बसवून पुन्हा भंडाऱ्यात नेता?” दुसरा म्हणाला, मंत्री आले तर काय सांगायचं. शेवटी नकाशावर गोंदियाच्या हद्दीभोवती लाल रिबिन टाचायची, या अटीवर तो टांगायचं ठरलं. व्हर्मीरच्या नकाशाच्या दोन्ही कडांना वीस शहरांची दृश्यं आहेत. आमच्या नकाशाच्या कडांना वर्गणीदारांची नावं लागली.

बाकीचं सामानही याच चालीने जमत गेलं. पडद्याला सोलापुरी चादर. चित्रात आहे तसा मुखवटा हवा होता, तो दसऱ्यामुळे दुकानात रावणाचाच मिळाला. झुंबर लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडून आलं. त्यात दिवे लावायचे नाहीत असं मी बजावलं, तेव्हा त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. “झुंबर हाये आन लाइट नाई? मंग लावता कायले?” क्लिओ म्हणून शेजारची अकरावी सायन्सची मुलगी तयार झाली, तीही एका अटीवर, की हातातलं पुस्तक तिचं असेल. पिवळा कागद चढवून केमिस्ट्रीचं गाइड तिच्या हातात आलं. कर्णं बँडपार्टीकडून मिळालं, पण वाद्यासोबत वाजवणाराही येतो असा त्यांचा नियम निघाला. तो गडी चादरीच्या मागे बसेल, या बोलीवर व्यवहार झाला. लॉरेलची पानं इथे कुठली? तमालपत्र त्याच कुळातलं, म्हणून किराणा दुकानातून पाव किलो आणून सौ.कडून मुकुट ओवून घेतला.

फरशी रंगवायला मी पेंटरभाऊंना बोलावलं.

पेंटरभाऊंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकांचे पडदे रंगवण्यात या माणसाची उमेद गेली. मांजरपाटावर सरस घातलेला रंग, राजमहाल, बाग, जंगल, रस्ता. पुढे दुकानांच्या पाट्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. आता भिंतीवरच्या स्वच्छतेच्या घोषणा, ट्रकच्या पाठी आणि नंबरप्लेटा एवढ्यावर भागतं. ते घरी आले, तर मी त्यांना आधी चित्र दाखवलं. म्हणजे व्याख्यान द्यायच्या तयारीने उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक काचेला लावलं.

“हा आपल्या लाइनीतला मानूस हाये जी.”

कशावरून? चित्रकाराच्या हाताखाली एक काठी आहे, तिच्या टोकाला कापडाचा बोळा. पेंटरभाऊंनी सायकलला बांधलेली तशीच काठी आणून दाखवली. हात तिच्यावर टेकवायचा, म्हणजे ओला रंग पुसला जात नाही आणि रेघ थरथरत नाही. क्लिओ आणि कीर्ती यांच्या गर्दीत ती काठी मला कधी दिसलीच नव्हती. मग ते म्हणाले, “यानं पानं पयले केली. तोंड बाकीच हाये.” खरंच, चित्रातल्या कॅनव्हासवर आकृतीच्या नुसत्या पांढऱ्या खुणा आहेत आणि रंग लागलाय तो फक्त मुकुटाच्या पानांना. त्यांनी आणखी एक शोधून काढलं, पोरीच्या मानेजवळ नकाशावर बारीक अक्षरं आहेत. ती व्हर्मीरची सही. पेंटरभाऊ खूश झाले, “बराबर जागा धरली. तोंडाकडं पाहाल त नाव दिसनच.”

किती चित्रं काढली याने, त्यांनी विचारलं. आज जगात उरली आहेत पस्तीसच्या आसपास, मी सांगितलं. “एवढे बोर्ड त आमी एका निवडनुकीत करतो. खात काय होता?” इथे मला पुन्हा बोलायला वाव मिळाला. उधारीवर खात होता. 1675 च्या डिसेंबरात त्रेचाळिसाव्या वर्षी गेला, मागे अकरा मुलं. पावाची उधारी सहाशे गिल्डरच्या वर गेली होती, ती फिटेपर्यंत गावच्या पाववाल्याने दोन चित्रं ताब्यात घेतली. हे चित्र मात्र त्याने जन्मभर विकलं नाही, घरातच ठेवलं. आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने 24 फेब्रुवारी 1676 रोजी रीतसर कागद करून हे चित्र आपल्या आईच्या नावावर केलं, देणेकऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून. सौ. चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून ऐकत उभी राहिली. माझं बोलणं ती उभी राहून ऐकते, असं एरवी होत नाही.

“कोनी बनवून नाई घेतलं, विकलं पन नाई,” पेंटरभाऊ म्हणाले, “मंग हा त्याच्या दुकानाचा बोर्ड हाये जी. येनाऱ्यानं पाहावं, का हा मानूस एवढं करू शकते.”

या चित्राला कोणी चित्रकलेचं रूपक म्हणतं, कोणी इतिहासाचा गौरव. जाड जाड ग्रंथ आहेत त्यावर. त्या ग्रंथांचं सार मी बऱ्याच पाहुण्यांना पाजलं होतं. बोर्ड म्हटल्यावर मी जरा दुखावलो, आणि पेंटरभाऊंना म्हटलं की ते राहू द्या, आपण फरशीचं बघू. ज्याला त्या मांडवात चित्रकार म्हणून बसवायला हवं होतं, त्याला मी एका जुन्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूवर चौकटी रंगवायला लावलं. तोही कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पुढे कोपरा उलटून साहेबांचा चेहरा पायाखाली दिसला आणि कार्यकर्ते मांडवात आले, पण ते खिळे ठोकून मिटलं.

माझ्या कपड्यांचंही ऐका. चित्रकाराच्या काळ्या डगल्याला पाठीवर उभ्या फटी आहेत, त्यातून आतला पांढरा सदरा दिसतो. टेलरने मोबाइलवर चित्र पाहून विचारलं, फाटलेला शिवायचा आहे की शिवलेला फाडायचा आहे. मग एका वकील मित्राचा काळा कोट मागून आणला. “कापायचा नाही,” एवढं बोलून त्याने तो दिला. म्हणून पाठीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. सौ.ने मागून पाहून सांगितलं की शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा दिसतोय. लाल मोज्यांसाठी पी.टी. सरांकडून फुटबॉलचे मोजे घेतले. डोक्याला काळी टोपी. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा समोरून मी खरोखर बरा दिसत होतो, आणि त्याच वेळी ते आठवलं. समोरून कोणी पाहणारच नव्हतं.

त्यापेक्षा वाईट गोष्ट मांडवात बसल्यावर उलगडली. व्हर्मीरने चित्रकाराचं तोंड लपवलंय, पण त्याचा कॅनव्हास खांद्याच्या बाजूने सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय. म्हणजे माझ्या अंगातलं जे काही दाखवण्याजोगं होतं ते झाकलेलं, आणि जे सी ग्रेडचं होतं ते हजार वॅटच्या हॅलोजनखाली उघडं. नुसतं बसून राहिलं तर जिवंत देखावा कसला, म्हणून लोकांसमोर हळूहळू पानं रंगवायची, असं मीच ठरवलेलं होतं. पहिलं पान काढलं. मागून एका पोट्ट्याचा आवाज आला, “मिरच्या काढून रायले.” दुसरं पान मी रुंद केलं. “आता वांगं.” मी मागे वळू शकत नव्हतो, व्हर्मीरचा माणूस वळत नाही. हाताखाली काठी घ्यायचं मी शोभेसाठी मान्य केलं होतं, पण ती कशी धरायची हे पेंटरभाऊंना विचारणं मानात बसलं नव्हतं. ती सारखी कॅनव्हासला टोचत होती.

तिकडे माइकवर निवेदन चालू झालं. ते मी स्वतः लिहून दिलं होतं. हे चित्र 1813 मध्ये एका काउंटने पन्नास फ्लोरिनला घेतलं तेव्हा त्यावर दुसऱ्याच चित्रकाराची खोटी सही होती. 1860 साली जाणकारांनी ते व्हर्मीरचं म्हणून ओळखलं. 1940 मध्ये हिटलरने साडेसोळा लाख राइशमार्क मोजून घेतलं, युद्धात ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत लपवलं, तिथून 1945 मध्ये ते सापडलं. आमच्या निवेदकाला यातलं हिटलर तेवढं नीट वाचता आलं. सुरुवातच त्याने “डच देशाचे महान चित्रकार वर्मा सर” अशी केली आणि माझ्या पाठीकडे हात केला. टाळ्या पडल्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी आपसांत खात्री करून घेतली की हे रविवर्म्याचेच घरचे.

हॅलोजनने मांडव तापला तसं तमालपत्र सुटलं. मसालेभाताचा असा काही वास दरवळला, की मागच्या रांगांतून “महाप्रसाद कवा हाये जी?” अशी विचारणा होऊ लागली, आणि पाहता पाहता बायाबापड्यांची ओळ झुंबराखालून मंडळाच्या रिकाम्या टेबलापर्यंत लागली. त्या झुंबरात डेकोरेशनवाल्याने शेवटी आपल्या मनाचं केलंच होतं. लाल-हिरवे दिवे उघडझाप करत होते. या सगळ्यात एकटी क्लिओ तेवढी व्हर्मीरला शोभेल अशी उभी होती. पापण्या खाली, चेहरा शांत, ओठ जरा हलताहेत. दुसऱ्या दिवशी तिची युनिट टेस्ट होती.

मग आरती लागली. झांजा वाजल्या आणि चादरीमागच्या गड्याचे हात शिवशिवले. तो बाहेर आला, क्लिओच्या हातातून कीर्तीचं कर्णं अलगद काढून घेतलं, आणि लग्नात वाजवतात ते नागिणीचं गाणं आरतीच्या ठेक्यात बसवून फुंकलं. मी स्टुलावरून अर्धा उठलो, हात लांबवला, “अरे...” म्हटलं, आणि वकील मित्राचा कोट कॉलरखालून कमरेपर्यंत उभा फाटला. एका जागी नाही, शिवण होती तिथे तिथे. आतला पांढरा बनियन दिसू लागला. स्टेजच्या बाजूला चित्राची फ्रेम ठेवलेली होती, तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने मोबाइल रोखत एक पोरगा ओरडला, “आता जमलं! सेम टू सेम!” त्या रात्रीची सर्वांत मोठी टाळी ती. उघडझापीच्या दिव्यांत काढलेला तो फोटो आमगावपासून देवरीपर्यंत फिरला. मला त्या दिवसापासून लोक वर्मा सर म्हणतात. ज्यांनी तोंड कधी पाहिलेलं नाही असेही पाठीमागून हाक मारतात.

देखावा दसऱ्यापर्यंत ठेवायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनव्हासची मिरची-वांगी पुसायला गेलो. तिथे पानं होती. निळसर झाक असलेली, एकावर एक आलेली, काही दुमडलेली, देठाशी गडद. रात्री केव्हातरी पेंटरभाऊ येऊन काठीवर हात टेकवून बसले असणार. नकाशावर, क्लिओ उभी राहते तिच्या मानेच्या बरोबर उंचीवर, त्यांचं नाव होतं आणि खाली मोबाइल नंबर. त्या आठवड्यात त्यांना तीन पाट्या मिळाल्या, एका राइस मिलवाल्याने तर फ्लेक्स उतरवून पत्र्यावर हाताने लिहून मागितली.

चौथ्या माणसाकडून, म्हणजे माझ्याकडून, त्यांना पैसे यायचे होते. फरशी एक, पानं चौदा नग, नाइट चार्ज वेगळा. मंडळाने हात वर केले, कारण अंदाजपत्रक माझं होतं. त्यात वकिलाचा कोट. मी पुढच्या पगाराचा वायदा केला. पेंटरभाऊ समजूतदार माणूस, म्हणाले, राहू द्या पैशाचं, तो फ्रेमवाला फोटो द्या, दुकानात लावतो, हिशेब बराबर. मला हे पटलंही. जिथे बोर्ड म्हणून ओळखलं गेलं तिथेच ते चित्र लागावं. मी आत गेलो, तर भिंतीवर नुसता खिळा.

“आईकडे पाठवलं,” सौ. म्हणाली. “कालच्या पॅसेंजरने. दादा घेऊन गेला आमगावला. फ्रेम माझ्या भिशीची आहे.”

डेल्फ्टमध्ये हा डाव टिकला नव्हता, हे मी तिला सांगून पाहिलं. तिथे मालमत्तेचा कारभारी नेमला होता तो लेवेनहूक, सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणारा तोच. सासूच्या नावचा तो कागद त्याला मुळीच मान्य नव्हता. सौ. म्हणाली, आमच्या आईपुढे येऊ दे कोण येतो ते.

पेंटरभाऊ गेले. सायकल स्टेशनवर ठेवून, आमगावचं तिकीट काढून. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, चित्र काही दिलं नाही. उलट घराच्या फाटकावर सासऱ्यांचं नाव तेलरंगात लिहून घेतलं, वर एक मोर काढून घेतला, आणि निघताना सांगितलं की याचेही पैसे जावयाच्याच खात्यावर मांडा.